चंदीगडचा विस्मृत आराखडाकार : अल्बर्ट मेयर

आपल्या मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र लिहून द्यावे, असा आग्रह संपादक मंडळाने धरला, तेव्हा आमच्या डोळ्यांसमोर प्रथम महाराष्ट्राच्या इतिहासातील वंदनीय नावेच उभी राहिली. परंतु त्या विभूतींवर अधिकारवाणीने लिहिणारे लेखक आपल्याकडे पुष्कळ आहेत. आम्ही पडलो केंद्र सरकारचे एक नोकर. पदवी बी. ए.ची, आणि लेखनाचा सराव म्हणाल तर टिपणी व मसुदा यांपलीकडचा नाही. तेव्हा थोरामोठ्यांच्या चरित्राला हात घालण्याचे धाडस न करता, ज्या भूमीने आपणा मराठी माणसांना गेली पन्नास वर्षे आसरा दिला, गणपतीसाठी मांडव घालू दिला आणि कोजागरीचे दूध आटवू दिले, त्या भूमीचे ऋण थोडेफार फेडावे, असे आम्ही ठरविले.

चंदीगड कोणी वसविले, असा प्रश्न आपल्या मंडळातील शाळकरी मुलांना विचारला तर ती एका सुरात ल कॉर्ब्यूझ्ये यांचे नाव सांगतील. उत्तर चुकीचे नाही, परंतु ते अपुरे आहे. कॉर्ब्यूझ्ये यांनी या भूमीवर पाऊल ठेवण्यापूर्वीच या नगराचा एक संपूर्ण आराखडा तयार झालेला होता. तो करणारा गृहस्थ अमेरिकन होता, आणि चंदीगडकडे वळण्यापूर्वी त्याने आपल्या मुंबईचाही आराखडा एका मराठी अभियंत्याच्या खांद्याला खांदा लावून सिद्ध केला होता. त्यांचे नाव अल्बर्ट मेयर. त्यांची ओळख आपल्या सभासदांस करून द्यावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

मेयर यांचा जन्म १८९७ साली न्यूयॉर्क येथे झाला. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या विख्यात संस्थेतून १९१९ मध्ये त्यांनी स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी मिळविली. पहिले महायुद्ध नुकतेच संपले होते आणि अमेरिकेत समृद्धीचा पूर लोटला होता. गगनचुंबी इमारती, घराघरांत रेडिओ, गावोगावी चित्रपटगृहे आणि दारोदारी मोटारगाड्या, असा तो काळ. तरुण अभियंत्याला कामाची उणीव नव्हती. मेयर यांनी न्यूयॉर्कमध्ये मोठमोठ्या निवासी इमारतींची कामे केली व पुढे वास्तुशिल्पाच्या क्षेत्रातही नाव कमावले. ज्युलियन व्हिटलसी यांच्या भागीदारीतील त्यांची कंपनी न्यूयॉर्कच्या उत्तम कंपन्यांपैकी एक गणली जाई. याच मार्गाने ते गेले असते, तर धनिकांसाठी सुखसोयींची घरे बांधणारा एक यशस्वी गृहस्थ, एवढीच त्यांची ओळख राहिली असती.

परंतु १९२९ च्या ऑक्टोबरात शेअर बाजार कोसळला आणि महामंदीने अमेरिकेला ग्रासले. लक्षावधी माणसे बेकार झाली, भाडे थकल्याने कुटुंबेच्या कुटुंबे रस्त्यावर आली. घर म्हणजे केवळ विटा आणि चुना नव्हे, तो समाजरचनेचा पाया आहे, ही जाणीव या काळात अनेक विचारवंतांना झाली, आणि मेयर त्यांपैकी एक होते. १९३३ साली फ्रँकलिन रूझवेल्ट राष्ट्राध्यक्ष झाले. त्याच वर्षी मेयर यांनी लुइस ममफर्ड आणि हेन्री राइट या मित्रांच्या साह्याने गृहनिर्माणाच्या अभ्यासासाठी एक मंडळ स्थापन केले. सामान्य माणसाला परवडणारे व माणसासारखे राहता येईल असे घर सरकारने का बांधू नये, हा त्यांचा प्रश्न होता. १९३७ साली अमेरिकेत गृहनिर्माण कायदा झाला, त्यामागील लोकमत घडविणाऱ्यांत मेयर यांचा वाटा होता.

येथे त्या काळच्या अमेरिकेविषयी दोन शब्द सांगणे आवश्यक वाटते. विसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेत नगररचनेचे दोन प्रवाह एकमेकांशी झगडत होते. एक प्रवाह मोटारीचा. दुसऱ्या महायुद्धानंतर रणांगणावरून परतलेल्या सैनिकांसाठी शहरांबाहेर एकसारख्या घरांच्या अफाट वसाहती उठल्या. लाँग आयलंडवरील लेव्हिटाउन ही १९४७ साली सुरू झालेली वसाहत त्यांचा नमुना मानली जाते. दारात मोटार, दिवाणखान्यात दूरचित्रवाणी संच, मागे हिरवळीचा तुकडा, हे अमेरिकन सुखाचे चित्र चित्रपटांतून व सचित्र नियतकालिकांतून जगभर पोहोचले. १९५६ च्या महामार्ग कायद्याने त्यावर कळस चढविला. दुसरा प्रवाह मात्र पायी चालणाऱ्या माणसाचा होता. क्लॅरन्स पेरी यांनी १९२९ साली शेजारवस्तीची कल्पना मांडली होती. शाळेच्या भोवती वस्ती असावी, दुकाने चालण्याच्या अंतरावर असावीत, आणि शाळेत जाणाऱ्या मुलाला मोठा रस्ता ओलांडावा लागू नये, असे तिचे सार होते. न्यू जर्सीतील रॅडबर्न येथे क्लॅरन्स स्टाइन व हेन्री राइट यांनी याच सुमारास तसे नगर वसविण्याचा प्रयोगही केला. मेयर या दुसऱ्या प्रवाहाचे पाईक होते. अमेरिकेच्या लोकजीवनात पहिला प्रवाह जिंकला. दुसऱ्याला मोठा वाव मिळाला तो मात्र सात समुद्रांपलीकडे, आपल्या शिवालिकच्या पायथ्याशी. इतिहासाचे असे काही न्याय असतात खरे.

मेयर यांना भारतात आणले ते युद्धाने. दुसऱ्या महायुद्धात ते अमेरिकन सैन्याच्या अभियांत्रिकी दलात लेफ्टनंट कर्नल होते. पूर्व भारत व ब्रह्मदेश या आघाडीवर विमानतळ बांधणे हे त्यांचे काम. धावपट्टी बांधून झाली की पुढच्या मुक्कामाला जावे, असा बहुतेकांचा शिरस्ता. मेयर मात्र धावपट्टीच्या कडेला असलेल्या खेड्यांकडे पाहत राहिले. तेथील दारिद्र्य त्यांनी पाहिले, तसेच तेथील माणसांचे कसब आणि सोशिकपणाही पाहिला. १९४५ साली, तुरुंगातून सुटून आलेल्या पंडित जवाहरलाल नेहरूंची व त्यांची भेट झाली. स्वातंत्र्य दृष्टिपथात होते, आणि स्वतंत्र भारतातील खेडे कसे असावे, हा प्रश्न नेहरूंच्या मनात घोळत होता. दोघांचे सूर जुळले. नेहरूंच्या आमंत्रणावरून मेयर युद्धानंतर पुन्हा भारतात आले, या वेळी गणवेश उतरवून.

संयुक्त प्रांताचे मुख्यमंत्री पंडित गोविंद वल्लभ पंत यांच्या सरकारने त्यांना नियोजन व विकासाचे सल्लागार नेमले. मेयर यांची मूळ कल्पना आदर्श खेडी बांधण्याची होती. नवी घरे, नवे रस्ते, नव्या विहिरी. परंतु खेड्यांतून हिंडल्यावर त्यांच्या ध्यानी आले की, घरे बांधून खेडे बदलत नाही. शेतकऱ्याचे पीक वाढले, गुरे धडधाकट झाली, मुलांचा हिवताप हटला, आणि हे सारे आपण केले असे त्याला वाटले, तरच खेडे बदलते. अभियंत्याने विटांवरचा विश्वास सोडून माणसांवर विश्वास ठेवणे ही लहान गोष्ट नव्हे. आपलीच मूळ योजना बाजूस ठेवण्याचे धैर्य त्यांनी दाखविले, हा त्यांच्या चरित्रातील एक मोठा गुण आम्हांस वाटतो.

१९४८ च्या शरद ऋतूत इटावा जिल्ह्यात महेवा येथे हा प्रायोगिक प्रकल्प सुरू झाला. प्रारंभी ६४ गावे घेतली होती, पुढे ती संख्या ९७ पर्यंत गेली. शेतीतज्ज्ञ होरेस होम्स हे त्यांचे अमेरिकन सहकारी, परंतु प्रत्यक्ष काम करणारी सारी माणसे भारतीय होती. प्रकल्पाचा कणा म्हणजे ग्रामपातळीवरील कार्यकर्ता. पूर्वी शेतीचा कारकून वेगळा, गुरांचा वेगळा, सहकाराचा वेगळा, आणि शेतकऱ्याच्या दारात मात्र कोणीच नाही, अशी स्थिती असे. मेयर यांनी या सर्वांऐवजी काही गावांसाठी एकच कार्यकर्ता नेमावा असे सुचविले. त्याने गावातच राहावे, शेतकऱ्याच्या बांधावर जावे, सुधारित बियाण्याचा प्रयोग त्याच्याच शेतात करून दाखवावा. आपल्या येथील वाचकांस कौतुक वाटेल अशी एक गोष्ट म्हणजे, इटाव्याच्या शेतांतून जे सुधारित गव्हाचे बियाणे पसरले ते पंजाब ५९१ हे होते. पंजाबने इटाव्याला बियाणे दिले, आणि इटाव्याच्या प्रयोगकर्त्याने पुढे पंजाबला राजधानीचा आराखडा दिला.

या प्रयोगाचे पुढे काय झाले? २ ऑक्टोबर १९५२ रोजी, गांधी जयंतीच्या दिवशी, देशात ५५ ठिकाणी सामूहिक विकास योजना सुरू झाली. तिच्यामागे एस. के. डे यांचा निलोखेडीचा प्रयोग जसा होता, तसाच इटाव्याचाही होता. विकासगट, गटविकास अधिकारी, ग्रामसेवक हे शब्द आज महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यात कोणालाही समजावून सांगावे लागत नाहीत. सातबारा जसा घरचा शब्द, तसाच ग्रामसेवकही. आमचे बालपण ज्या खेड्यात गेले तेथे ग्रामसेवक सायकलवरून येत आणि आमच्या आजोबांशी ओसरीवर बसून बियाण्यांच्या गोष्टी करीत. त्या सायकलची एक वाट इटाव्यावरून आली होती, हे आम्हांस कळले ते पन्नाशी गाठल्यावर.

अर्थात, एका जिल्ह्यात जे जमले ते साऱ्या देशात तसेच जमले नाही, हेही प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. निवडक माणसांनी जीव ओतून केलेला प्रयोग सरकारी परिपत्रक बनला की त्यातील प्राण कमी होतो, याचा अनुभव आम्हां सरकारी नोकरांस निराळा सांगावयास नको. १९५७ साली बलवंतराय मेहता समितीने नेमके हेच दाखवून दिले की, या योजनेत लोकांचा स्वतःचा पुढाकार जागा झाला नाही. त्यातूनच पंचायत राज्य आले, आणि वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींनुसार महाराष्ट्रात १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. मेयर यांचे बीज दुसऱ्यांच्या हातून, दुसऱ्या नावाने, पण वाढत गेले.

आता मुंबईकडे वळू. इटाव्याची जुळवाजुळव चालू असतानाच मुंबईचे अभियंते एन. व्ही. मोडक यांच्या सहकार्याने मेयर यांनी बृहन्मुंबईच्या विकासाची रूपरेषा तयार केली. ती १९४८ साली प्रसिद्ध झाली. मोडक यांचे नाव मुंबईकरांच्या रोजच्या पाण्यात मिसळलेले आहे, कारण वैतरणेवरील मोडकसागर जलाशय त्यांच्याच नावाने ओळखला जातो. फाळणीनंतर निर्वासितांचे लोंढे मुंबईत येत होते, गिरण्या व चाळी बेटाच्या टोकाशी दाटल्या होत्या. बेटावरील गर्दी उत्तरेकडे, साष्टीकडे व त्याही पलीकडे उपनगरांत विखुरल्याखेरीज गत्यंतर नाही, आणि वस्त्यांच्या मध्ये मोकळी हिरवी जागा राखली पाहिजे, असे या दोघांचे प्रतिपादन होते. ते सारे अमलात आले असते तर लोकलच्या दारात लोंबकळणाऱ्या माणसांची संख्या कदाचित कमी झाली असती. परंतु ती रूपरेषा बव्हंशी कागदावरच राहिली. खाडीपलीकडे नवी मुंबई वसविण्यासाठी सिडकोची स्थापना झाली ती १९७० साली, म्हणजे तब्बल बावीस वर्षांनी.

आणि मग आले चंदीगड. फाळणीत लाहोर गेले. पूर्व पंजाबचे सरकार सिमल्यात बसून कारभार पाहत होते, आणि निर्वासितांनी प्रांत भरून गेला होता. १९४८ साली शिवालिकच्या पायथ्याशी, सुखना चो आणि पटियाला की राव या दोन पावसाळी प्रवाहांमधील उतरत्या भूमीवर नवी राजधानी उभारण्याचे ठरले. जवळच्या चंडीदेवीच्या मंदिरावरून नगराचे नाव पडले. राजधानी प्रकल्पाचे प्रशासक प्रेमनाथ थापर आणि मुख्य अभियंता पी. एल. वर्मा या दोघांनी योग्य नगररचनाकाराचा शोध सुरू केला, आणि नेहरूंच्या विश्वासातील मेयर यांच्यावर ही जबाबदारी आली. १९५० च्या आरंभी त्यांनी कामास प्रारंभ केला.

मेयर यांनी एकट्याने काम केले नाही. वास्तुशिल्पज्ञ, रस्त्यांचे जाणकार, उद्यानतज्ज्ञ, इतकेच नव्हे तर हवामानशास्त्रज्ञही त्यांच्या गटात होता. उन्हाळ्यातील लू कोठून येते, हिवाळ्यातील ऊन घराच्या कोणत्या बाजूस हवे, याचा विचार रस्ता आखण्यापूर्वी व्हावा, हा त्यांचा आग्रह. आराखडा पंख्याच्या आकाराचा होता. वर, डोंगराच्या कुशीत, शासकीय इमारतींचा शिरोभाग. मध्यभागी व्यापारपेठ. आग्नेयेस औद्योगिक वसाहत, दुसऱ्या अंगास विद्यापीठ. ओढ्यांच्या नैसर्गिक खोलगट भागांतून लांबच लांब उद्याने. रस्ते भूमीच्या चढउताराप्रमाणे किंचित वळत जाणारे. आणि या साऱ्यांत निवासी गट असे की, ज्यांच्या पोटात शाळा, दुकान, दवाखाना व खेळाचे मैदान असावे आणि वेगवान वाहनांनी बाहेरूनच जावे. प्रथम दीड लाख व पुढे पाच लाख लोकवस्तीचे हे नगर योजिलेले होते.

इमारतींचे रूप ठरविण्यासाठी त्यांनी मॅथ्यू नोव्हित्स्की या असाधारण बुद्धीच्या तरुण वास्तुशिल्पज्ञाची निवड केली. नोव्हित्स्की जन्माने पोलिश. युद्धात उद्ध्वस्त झालेल्या वॉर्साच्या पुनर्रचनेत त्यांनी काम केले होते, आणि नंतर अमेरिकेत स्थायिक होऊन ते राले येथे वास्तुशास्त्राचे अध्यापन करीत होते. १९५० च्या उन्हाळ्यात ते येथे आले. बाजारात दुकानदार कसा बसतो, घराच्या अंगणात बायका कोणत्या वेळी कामे करतात, भाजलेल्या विटेतून सावली कशी निर्माण होते, हे सारे ते चित्रांत टिपून ठेवीत. ते चंदीगडला स्थायिक होण्याच्या विचारात होते. परंतु विधिलिखित निराळे होते. ऑगस्टअखेर ते अमेरिकेला परत निघाले. मुंबईहून न्यूयॉर्कला जाणारे ते विमान ३१ ऑगस्ट १९५० रोजी कैरोहून सुटल्यावर काही वेळातच इजिप्तच्या वाळवंटात कोसळले. आतील ५५ जणांपैकी एकही वाचला नाही. नोव्हित्स्की तेव्हा अवघे चाळीस वर्षांचे होते.

एका अपघाताने एका नगराचे भवितव्य बदलते, याचे याहून स्पष्ट उदाहरण आमच्या वाचनात नाही. नोव्हित्स्की गेले, आणि मेयर यांचा उजवा हातच गेला. त्यात सरकारजवळ डॉलरची चणचण होती. येथे राहून काम करील असा वास्तुशिल्पज्ञ हवा होता. थापर आणि वर्मा १९५० च्या अखेरीस युरोपात गेले. इंग्लंडमध्ये मॅक्सवेल फ्राय व जेन ड्रू या दांपत्याशी बोलणी झाली, आणि अखेर ल कॉर्ब्यूझ्ये व त्यांचे चुलत बंधू पिएर झानरे यांची नेमणूक झाली. वास्तविक त्यांना मेयर यांच्या आराखड्यावरून इमारती उभारण्यासाठी बोलाविले होते. परंतु कॉर्ब्यूझ्ये हे कोणाच्या मसुद्यावर स्वाक्षरी करणारे गृहस्थ नव्हते. १९५१ च्या फेब्रुवारीत सिमल्याच्या वाटेवरील एका विश्रामगृहात ही मंडळी जमली. मेयर यांस पोहोचण्यास विलंब झाला. ते आले तेव्हा नव्या आराखड्याच्या रेषा कागदावर उमटू लागल्या होत्या. कॉर्ब्यूझ्ये फ्रेंच बोलत, आणि ती भाषा मेयर यांना सफाईने येत नसे. चारच दिवसांत वळणदार रस्ते सरळ झाले, पंख्याचा चौकोन झाला, आणि आठशे मीटर रुंद व बाराशे मीटर लांब असे सेक्टर आखले गेले.

परंतु नव्या आराखड्याकडे नीट पाहा. शिरोभागी शासकीय इमारती, मध्यभागी व्यापारपेठ, एकीकडे उद्योग, दुसरीकडे विद्यापीठ, मधून वाहणारी उद्यानांची पट्टी, आणि पोटात शाळा व दुकाने असलेला निवासी गट. हे सारे पूर्वीच्या आराखड्यातीलच होते. कॉर्ब्यूझ्ये यांची प्रतिभा वादातीत आहे. त्यांच्या शासकीय इमारतींना २०१६ साली जागतिक वारशाचा मान मिळाला, तो सर्वस्वी योग्यच. पण घराचा सांगाडा आधी उभा होता आणि त्यावर दुसऱ्या शिल्पकाराने आपला अलौकिक हात फिरविला, एवढे म्हणण्यास प्रत्यवाय नसावा. ७ ऑक्टोबर १९५३ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते राजधानीचे उद्घाटन झाले.

सरकारी नोकरीत मसुदा एकाचा आणि स्वाक्षरी दुसऱ्याची, हा नित्याचाच प्रकार आहे. आमच्याही वाट्याला तो एकदा आला होता. तरुण वयात, एका दूरच्या कचेरीत, रात्री जागून तयार केलेली एक योजना वरिष्ठांच्या नावाने पुढे गेली आणि आम्ही कित्येक दिवस मनातल्या मनात धुमसत राहिलो. आज मेयर यांचे चरित्र वाचताना त्या धुमसण्याची लाज वाटते. कारण चंदीगड हातचे गेले म्हणून या माणसाने भारताकडे पाठ फिरविली नाही. त्याने इटाव्याचे काम चालू ठेवले, त्यावर १९५८ साली सविस्तर ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि दिल्लीच्या बृहद्आराखड्यासाठी फोर्ड फाउंडेशनने पाठविलेल्या तज्ज्ञांच्या गटाचे नेतृत्वही केले. १९६२ साली अमलात आलेल्या त्या आराखड्यात गाझियाबाद, फरिदाबाद, गुडगाव इत्यादी भोवतालच्या गावांसह दिल्लीचा एकत्र विचार केलेला होता. शहर आपल्या सीमेवर संपत नाही, हे मेयर यांनी मुंबईत सांगितले होते, तेच त्यांनी दिल्लीत पुन्हा सांगितले.

गुणांबरोबर उणिवाही सांगितल्या नाहीत तर ते चरित्र न होता आरती होईल. मेयर यांचा आराखडाही अखेर परदेशी टेबलावर तयार झालेला होता. रॅडबर्नचे नमुने पंजाबच्या मातीत रुजतील, हा त्यांचा विश्वास काही अंशी भाबडा होता. ज्या गावांच्या शेतजमिनीवर हे नगर उठले, त्यांच्यातील विस्थापितांचे दुःख कोणत्याच आराखड्याच्या रेषांत उमटले नाही. ज्याने इटाव्याच्या शेतकऱ्याला सर्वांत आधी विचारले पाहिजे असे शिकविले, त्याच्याच कामासाठी येथील शेतकऱ्याला न विचारता उठविले गेले, हा विरोधाभास आम्हांस बोचतो. तो दोष एकट्या मेयर यांचा नव्हता, परंतु ते त्यापासून अलिप्तही नव्हते.

अल्बर्ट मेयर यांचे निधन न्यूयॉर्क येथे १९८१ साली झाले. तोवर पाच लाखांसाठी योजिलेले चंदीगड केंद्रशासित प्रदेश होऊन पंजाब व हरियाणा या दोन राज्यांची राजधानी बनले होते. २०११ च्या जनगणनेत येथील लोकसंख्या साडेदहा लाखांवर गेली. नगराभोवतीची भूमी मोकळी राहावी म्हणून १९५२ सालीच कायदा केला होता आणि १९६२ साली त्याची हद्द पाच मैलांवरून दहा मैलांपर्यंत वाढविली होती. तरीही मोहाली, पंचकुला, झिरकपूर अशी गावे वाढतच गेली, आणि अंबाल्याच्या रस्त्याने ती वाढ आमच्या डेराबस्सीपर्यंत येऊन पोहोचली.

आम्ही डेराबस्सीत राहतो, तेव्हा या विषयाची दुसरी बाजू आम्हांस रोज दिसते. आपल्या मंडळातील अनेक कुटुंबे सेक्टरांतील सरकारी निवास सोडल्यावर, परवडेल ते घर शोधीत, घग्गर ओलांडून इकडे आली. येथे कारखाने आहेत, उंच इमारती आहेत, पण या गावाच्या पोटात शाळा कोठे असावी आणि मैदान कोठे, हे कोणी आधी आखलेले दिसत नाही. सकाळी आमच्या वसाहतीतील मुले पाठीवर दप्तर घेऊन मालमोटारींच्या रहदारीतून रस्ता ओलांडतात, तेव्हा आम्ही फाटकाशी उभे राहून ती पलीकडे पोहोचेपर्यंत श्वास रोखून धरतो. शाळेत जाणाऱ्या मुलाला मोठा रस्ता ओलांडावा लागू नये, एवढ्या एका साध्या विचाराभोवती मेयर यांनी नगर आखले होते. त्या नगरापासून अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतरावर तो विचार आज कोणाच्या ध्यानातही नाही. नाव विसरले गेले याचे दुःख नाही. विचार विसरला गेला, याचे मात्र वाटते.

आपण मराठी माणसे या प्रांताला नवखी नाही. संत नामदेवांनी विठ्ठलाचे नाम घेऊन पंजाबात पाऊल ठेवले आणि येथील लोकांनी त्यांना आपलेसे केले. घुमानला आजही त्यांचे स्मरण जागते आहे, आणि २०१५ साली तेथे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनही भरले. बाहेरून आलेल्या माणसाने या भूमीला काही द्यावे आणि भूमीने ते कृतज्ञतेने जपावे, ही येथली रीत आहे. मेयर यांच्या बाबतीत ती रीत थोडी हुकली. त्यांच्या नावाचा रस्ता वा चौक आमच्या पाहण्यात आलेला नाही. सेक्टर १० मधील नगर-संग्रहालयात मात्र चंदीगडच्या जन्माची कथा मांडली आहे. आपल्या मंडळाने दर वर्षी महाराष्ट्र दिनाच्या सुमारास मुलांची एक सहल तेथे न्यावी, आणि कॉर्ब्यूझ्ये यांच्या बरोबरीने मेयर, नोव्हित्स्की आणि आपले मोडक यांचीही नावे त्यांना सांगावीत, अशी आमची कार्यकारिणीस नम्र सूचना आहे.

आणि ज्या सभासदांच्या हाती नगरपालिकांत, कचेऱ्यांत, वसाहतींच्या समित्यांत काही अधिकार आहे, त्यांनी पुढच्या वेळी एखाद्या नकाशावर स्वाक्षरी करताना, शाळेची वाट कोठून जाते, एवढे एकदा बोटाने पाहून घ्यावे. अल्बर्ट मेयर यांचे याहून उचित स्मारक आम्हांस सुचत नाही.

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवास आमच्या अनेक शुभेच्छा. पन्नास वर्षांपूर्वी ज्या मोजक्या कुटुंबांनी या परप्रांतात हा दिवा लावला, त्यांपैकी कित्येकांची नावे आज नव्या सभासदांस ठाऊक नाहीत. तरीही त्यांनी आखलेल्या वाटेवरूनच आपण चालत आहोत. त्या सर्व ज्ञात-अज्ञात आराखडाकारांना हा लेख सादर अर्पण असो.